लाभ, दोन, तीन

५ मे, सोमवार
आले बाई एकदाची! बदलापूर स्टेशनवर मला न्यायला सदू आला होता, इथला माळी. टेम्पोत पुढे आम्ही आणि मागे गुलमोहराची रोपं. चामटोलीपर्यंतच्या रस्त्यात त्याने प्रत्येक फार्महाउसचा मालक, त्याचा धंदा आणि त्याच्या बायकोचा स्वभाव मला सांगून टाकला. अशा माणसांशी माझं छान जमतं.

जागा झकास आहे. सहा तंबू, पण तंबू नावालाच. आत एसी, पितळी नळ, पांढरेशुभ्र पलंगपोस. शहरातली माणसं चुलीच्या धुराचा वास घ्यायला येणार आणि एसीत झोपणार. हसू येतं, पण आता मीच इथली मॅनेजर, तेव्हा हसायचं ते वहीत. मालक जयदेव गावातलेच. ही त्यांच्या आजोबांची भातशेती. मधोमध जुनं खळं त्यांनी मुद्दाम ठेवलंय, शेणाने सारवून. पाहुण्यांचा सकाळचा चहा तिथेच, चटयांवर. फोटो छान येतात म्हणे.

मला मागे दोन खाटांची खोली दिलीय. दुसरी खाट राजसीची. तिचे बाबा गेल्यापासून मी ड्युटीवर आणि ती बुवापाड्यात माझ्या आईकडे. पोरगी सात वर्षांची झाली, पण सलग आठवडाभर काही माझ्याजवळ राहिलेली नाही. पुढच्या आठवड्यात माझा भाऊ आकाश तिला घेऊन येईल. या एका गोष्टीसाठी ही नोकरी धरली. तिच्या खाटेवर चादर आत्ताच घालून ठेवली.

८ मे, गुरुवार
कामाला वळण लावतेय. उल्हासनगरच्या लग्नाच्या हॉलमध्ये आठ वर्षं माणसं आणि प्लेटा मोजल्या, ती सवय अंगात मुरलीय. माणूस दिसला की बोट दाखवायचं, मोठ्याने मोजायचं आणि आकडा किचनला ओरडून सांगायचा. तिथले सिंधी मालक, ज्यांना सगळे साई म्हणत, ते सांगायचे, मनातल्या मनात मोजणारा हमखास चुकतो. आज स्टाफला खळ्यावर चहाला बसवलं आणि मोजलं. एक सदू, दोन जयदेव, तीन काशीताई.

काशीताई इथल्या स्वयंपाकीण, चामटोलीच्याच. कप खाली ठेवून एकदम उठल्याच. "बाय, खल्यावर एक नाय बोलाचा. लाभ बोलाचा." भात मापताना पहिल्या मापाला इथे 'एक' म्हणत नाहीत. लाभ, दोन, तीन असं मोजतात. 'एक' म्हटलं की ते माप जमीन आपलं समजते, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, अहो, मी भात कुठे मापतेय, माणसं मोजतेय! सगळे हसले, त्या हसल्या नाहीत. माझ्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हाच असल्या समजुती आमच्या घरातून गेल्या. आता या वयात मी काय नव्याने धरू?

१० मे, शनिवार
पहिला भरलेला शनिवार. अकरा पाहुणे. चार नंबरच्या तंबूत ठाण्याचं नवं जोडपं आहे, अल्पेश आणि करिष्मा. मुलगी गोड आहे. चहा बिनसाखरेचा मागितला आणि वर दोन गुलाबजाम हाणले.

बाग मात्र कोमेजलीय. गुलमोहराची रोपं टेम्पोतून उतरवली तशीच पडून आहेत. जयदेवना म्हटलं, एखादा माळी ठेवा की. म्हणाले, तुम्ही येण्याआधीपासून शोधतोय, मिळत नाही.

११ मे, रविवार
सकाळी खळ्यावर पाहुणे मोजले, अकरा. तासाभराने किचनपुढच्या मांडवात नाश्त्याला अकरा प्लेटा लावल्या, तर एक उरली. पुन्हा मोजले. दहा. माझी मोजणी चुकत नाही. रजिस्टर काढलं, तर चार नंबरच्या तंबूपुढे एकच नाव, त्याखाली कोरी ओळ.

त्या तंबूत पलंगाखाली बायकांच्या चपला होत्या. अल्पेशना विचारलं. ते म्हणाले, मी एकटाच आलोय. बरोबर आहे, ते एकटेच आले होते. चपला आधीच्या कुणाच्या असतील, म्हणून बाजूला ठेवल्या.

आकडा ताडून पाहायला आत्ता कालचं पान उघडलं. करिष्मा. बिनसाखरेचा चहा. अक्षर माझंच आहे आणि मला अशी कुणी बाई आठवत नाही.

मग पहिलं पान वाचलं. सदू? टेम्पो आठवतो, रोपं आठवतात. टेम्पो चालवत कोण होतं? तिथे काहीच दिसत नाही. आठ तारखेला मी खळ्यावर 'एक' म्हटलं ते त्याच्याकडे बोट दाखवून. आज सकाळी 'एक' कुणाला म्हटलं, तेच नेमकं आठवत नाही.

१२ मे, सोमवार
काशीताईंना पानं वाचून दाखवली. त्यांनाही सदू आठवत नाही. यावर उपाय काय, विचारलं. म्हणाल्या, जमिनीने घेतलं ते मागता येत नाही.

आईला फोन केला, राजसीला पाठवू नकोस, मीच घरी येते. आई म्हणाली, आकाश तिला बाइकवर घेऊन कधीच निघाला, आता बेलवलीपर्यंत पोचला असेल. बुद्धपौर्णिमेची खीरही डब्यात दिलीय.

संध्याकाळ. आकाशला सेकंड शिफ्ट होती, तिला सोडून तसाच पळाला. राजसी आल्यापासून बागडतेय. मी एका जागी बसू शकत नाही. दार लावते, पुन्हा उघडून बघते. खळ्यावर पाय ठेवायचा नाही, असं तिच्याकडून तीनदा कबूल करून घेतलं. सकाळी सातला रिक्षा सांगितलीय. नोकरी गेली खड्ड्यात.

१३ मे, मंगळवार
सकाळी जयदेवना किल्ल्या द्यायला गेले. दोन मिनिटं. फक्त दोन मिनिटं.

परत येते तो राजसी खळ्याच्या मध्यावर. एक हात कमरेवर, माझीच नक्कल. आई बघ, मी तुझ्यासारखी मोजते. लहान मूल मोजायला लागलं की स्वतःपासूनच सुरू करतं. तिने बोट स्वतःच्या छातीला लावलं. मी ओरडले. मी गंमत करतेय असं वाटून ती हसली आणि म्हणाली, एक.

ती आहे अजून. माझ्या मांडीवर आहे. सोडणार नाही. लिहीत राहिले तर विसरणार नाही. राजसी. सात वर्षं. राजसी माझी मुलगी. राजसी माझी मुलगी. राजसी माझी मु

१३ मे, सव्वासात
रिक्षावाला हॉर्न वाजवून गेला. मला कुठे जायचं होतं? बॅगा कुणी बांधल्या? एकीत लहान मुलीचे कपडे आहेत. मांडीला ऊब लागतेय, कशाची कोण जाणे.

पावणेआठ
पानं वाचली. आईला फोन लावला. राजसी कुठे आहे, विचारलं. आई म्हणाली, कोण राजसी?

पुन्हा वाचली. अक्षर माझं. मला मुलगी आहे — चेहरा येत नाही — आवाज येत नाही — रडूही येत नाही, त्याचीच भीती —

मागता येत नाही म्हणाल्या काशीताई. मागत नाही मी. जाते —

खळ्यावर आहे. वही हातात. मी ओळखणार नाही तिला. तिने आई म्हणून हाक मारली की — मारेल ना —

बोट छातीवर. ए