खांबासारखा स्पीकर

प्रिय हमदान,

रागातच लिहितोय, तेव्हा गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नकोस. तरी एकेक शब्द दोनदा तपासतोय, कारण यातलं काहीच तुझ्याकडून सुटायला नको.

काल लोणावळ्याच्या दुकानात तू त्या उंच, बारीक कॉलम स्पीकरला हात लावून म्हणालास, "ही अगरबत्ती कुटं लावायची रं, सत्यम?" दुकानदार हसला, तूही हसलास. किती ठिकाणी जाऊन, ऐकून, स्वतः उचलून बघून मी तो निवडला होता! आणि तू, आपल्या डीजेच्या धंद्यातला माझा भागीदार, मला न विचारता दोन मोठे बॉक्स स्पीकर बाजूला काढायला सांगून मोकळा झालास. ही कुठली रीत?

आंदर मावळातली भिकाजी आबांच्या घरची हळद आठव. टेम्पो ओढ्यापाशीच अडला. पुढे बांधावरून बॉक्स आपणच नेले. माझा पाय घसरला तेव्हा तू बॉक्स धरलास, मला नाही! कॉलमचे तुकडे सुटे होतात, पिशवीत बसतात, एकटा माणूस खांद्याला लावून चालू शकतो. पण तुझं एकच, लोकांची छाती हादरली पाहिजे.

हादरली की! आबा तुझ्याजवळ येऊन ओरडले, "आरं, बायकांची गानी ऐकू येईनात, बारीक कर!" तू हसून मान डोलावलीस आणि आवाज आणखी वाढवलास. आपल्या धंद्यात जवळ येऊन ओरडणारा माणूस बहुतेक 'वाढव'च म्हणतो. मी मांडवाच्या पलीकडून धावत आलो, तोवर आबा तोंड फिरवून गेले होते. तो डीजेवाला लय माजलाय, असं ते अजून गावभर सांगतात. मी विचारलं तर तू म्हणालास, आबा खूश होते. तेव्हा माझं डोकंच फिरलं.

मग घरी येऊन विचार करत बसलो. हमदान, तू माजला नव्हतास. तुला ऐकूच आलं नव्हतं. कार्यक्रमात बॉक्स नेहमी तुझ्या डाव्या अंगाला असतो. हल्ली तू फोन उजव्या कानाला लावतोस. तुझ्या घरी डावीकडून हसिनामावशींनी हाक मारली तरी वळत नाहीस. त्या कॉलमशेजारी उभं राहिलं तरी आवाज कानावर आदळत नाही आणि लांबच्या माणसालाही शब्द कळतो. मी तो निवडला तो तुझ्या कानासाठी. दुकानदारासमोर हे कसं बोलणार होतो? फोनवर सांगायला गेलो तर तू 'हां, हां' म्हणून ठेवून देतोस. सोमवारी सकाळी कामशेत स्टेशनवर ये, तळेगावला कानाच्या डॉक्टरकडे जाऊ. त्यानंतरही तुला बॉक्सच हवे असले तर घेऊ, मी उचलीनही. पण त्यांच्याजवळ तुला उभं राहू देणार नाही. राग आला असेल तर भांडायला म्हणून ये, पण ये.

तुझाच, अजून चिडलेला,
सत्यम