यमूचे सोयाबीन आणि माझी मरळ

मी, भागीरथा चंपतराव झाडे, वय एकाहत्तर, राहणार रामटेक, जिल्हा नागपूर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवते. बुद्धी ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. स्वभावाचा दाखला कोणी देणार नाही, तो खाली मीच देते.

१. राहते घर मुलगा अंकित याला. तो नागपूरला महाल भागात स्थायिक आहे, इकडे येणार नाही. घर भाड्याने द्यावे, पण मासळीच्या वासाला नाक मुरडणाऱ्याला देऊ नये.

२. शेततळे, जाळी व वजनकाटा मुलगी मेघा हिला. माझी धाकटी जाऊ यमुताई हिच्या तळ्यावर मेघाने पाय ठेवू नये, अशी अट इथे होती. ती मी स्वतः खोडली आहे.

३. आमच्या दोघींच्या तळ्यांमध्ये एकच बांध. यमू रोहू पाळते, मी मरळ. ती पेंड आणि कोंडा घालायची, मला सुकी मासळी विकत आणावी लागायची. आमच्यात पहिल्या जाळ्याची मासळी थोरल्या घरी पाठवतात. तिने ती कधी चुकवली नाही. माझे यजमान तिचा रोहू दोनदा मागून घेत आणि माझ्या मरळीला "बरी आहे" म्हणत. मी जळत होते. याला दुसरा शब्द नाही.

४. नऊ वर्षांपूर्वी तिच्याकडे सोयाबीनची पोती उतरली. विचारले असते तर तिने सांगितले असते, पण थोरलीने धाकटीला विचारायचे कसे? मी सुकी मासळी बंद केली आणि कच्चे सोयाबीन दळून मरळीला घातले. यमू ते भाजून, कोंड्यात मिसळून घालायची, आणि तेही रोहूला. मरळ मांसावर जगणारी. तिला ते पचेना, ती वाळत गेली. थंडीत रोग आला तेव्हा तिच्या अंगात त्राण नव्हते. सगळी मेली. मी भावकीत सांगितले की यमूने बांधावरून विषारी औषध टाकले.

५. यमू आली. तिने मेलेली मरळ चिरून दाखवली. "बाई, आतडं सुजलं हाय. कच्चं सोयाबीन घातलं काय जी?"

मी म्हणाले, "औषध टाकून वरून मलेच विचारून राहिली काय वं?"

ती निघून गेली. दोन वर्षे भावकीतल्या कोणी तिची मासळी घेतली नाही, तरी तिने तोंड उघडले नाही. पहिल्या जाळ्याची मासळी माझ्याकडे येतच राहिली. या गप्प राहण्याचाही मला हेवा वाटतो. मला ते जमले नसते.

६. यमूने औषध टाकले नव्हते. मी खोटे बोलले. हे कलम तेराव्याला भावकीसमोर मोठ्याने वाचावे. मासळीला काय घालायचे ते मेघाने यमूकडून शिकावे.

७. यमूला मी काहीही देत नाही. वकील म्हणाले, ज्याला मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. मला साक्षीला तीच हवी, आणि तिने प्रत्येक ओळ वाचूनच सही करावी.

स्थळ: रामटेक
दिनांक: ९ डिसेंबर २०२४

लिहून देणार: भागीरथा चंपतराव झाडे (सही)

साक्षीदार:
१. मुकुंद वानखेडे, निवृत्त शिक्षक (सही)
२. यमुताई श्रीधर झाडे (सही)

सहीखाली यमुताईच्या हातचे: सारं वाचलं. पोती उतरली त्याच्या आदल्या वर्षी थोडं सोयाबीन आणून मीही कच्चंच घातलं होतं, माहे रोहू असेच वाळले. बाईच्या मरळीले बाजारात भाव होता, तो पाहून मी रोहू लवकर वाढवाची घाई केली. म्हणून मले आतडं ओळखू आलं. बाईले हे सांगाची मले लाज वाटली.