शेवटचा हात

३ एप्रिल
शाळेतल्या कारकुनीतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन आज अंजूरच्या गोदामात रुजू झालो. काम: तंबोऱ्यांना लाखेचं पॉलिश. विद्युल्लता म्हणाली, पंचवीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच काहीतरी चमकवाल. मालक केसरीनाथ उमदा माणूस. लाखेचा किडा स्वतःच्याच रसात स्वतःला कोंडून मरतो, हे त्यांनी चहासोबत सांगितलं. मला आमचं शिक्षण खातं आठवलं. नियम दोनच: कापडाचा बोळा फिरता ठेवायचा, आणि तबलीला, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणाला, आतून पॉलिश लावायचं नाही. लाकडानं श्वास कुठून घ्यायचा?

६ एप्रिल
हात बसला. नवा थर जुन्यात विरघळतो, सांधा दिसत नाही. आज एक तबली चिकटवण्याआधी आतूनही एक हात मारला. आयुष्यभर फॉर्मच्या दोन्ही बाजू भरल्या. कोरी बाजू मला बघवत नाही. आधीचा कारागीर नामा कुठे गेला, असं झाडणाऱ्या गुणाबाईंना विचारलं. हसल्या. "नामा हितंच हाय. न्हाय कुठं गेला."

९ एप्रिल
हजेरीचं मशीन माझा अंगठा घेईना. रेषाच उरल्या नाहीत. सरकारदरबारी मी तसाही नव्हतोच. पण चाळीस अंशांत सगळं गोदाम निथळतंय आणि मला घामाचा थेंब नाही.

१२ एप्रिल
स्पिरिटनं हात घासले. लाख सुटते, पण निघत नाही, पसरते. कोपरापर्यंत चमक. विद्युल्लतेनं हात धरला आणि सोडला. टेबलाला हात लावल्यासारखं वाटतं म्हणाली.

१३ एप्रिल
केसरीनाथांना आतल्या पॉलिशचं सांगून टाकलं. ओरडले नाहीत, तेच वाईट. म्हणाले, नामानंही हेच केलं होतं. भिंतीवरचा तंबोरा दाखवला. तबलीवर लाकडाच्या रेषा नाहीत, अंगठ्याच्या ठशाच्या आहेत. हात लावला. कोमट. "भाऊसाहेब, लाकडाचा श्वास कोंडला का ते दुसऱ्याचा घेतं."

१४ एप्रिल
माझी ती तबली उचकटायला गेलो. सांधा सापडत नाही. पटाशी घसरते. एक नाकपुडी बंद —

१५ एप्रिल
ओठ चिकटतात. विद्युल्लता रडतेय. लांबून ऐकू येतं, भोपळ्यातून यावं तसं.

१६
केसरीनाथ घरी आलेत. पाठीवर बोळा फिरतोय. म्हणतात, आता उपाय न्हाय, निदान शेवटचा हात नीट बसू द्या. बोटं वळत ना —
कुणीतरी तार छेडली. आवाज माझ्या छाती