मुक्ताईचं बी

कोथरूड, पुणे
४ मार्च

प्रिय अपूर्वा,

टोमॅटो मिळाले. समोरच्या श्रीनिवासनं काल संध्याकाळी बुटांच्या खोक्यातून आणून दिले, एकेक फळ वर्तमानपत्रात वेगळं गुंडाळलेलं. चिठ्ठी नव्हती. ते बरोबरच आहे म्हणा. तीन वर्षांत मी तुला साधा एक फोन केला नाही, तू मला चिठ्ठी कशाला लिहावीस? मला वाटलं, श्रीनिवासच्या बायकोनं काहीतरी पाठवलं असेल. पहिला कागद सोडला तर आत टोमॅटो. तसाच चपटा, कडेनं चुण्या पडलेला, देठाजवळ हिरवा राहिलेला, आणि लाल म्हणावा तर धड लालही नाही. नाकाला लावून पाहिला. अगं, मुक्ताई! आपल्या केयूरचं मुक्ताई! ज्या बियांपायी तू हे घर सोडून गेलीस, त्यांचं फळ माझ्या ओट्यावर बसलं होतं. मी तिथेच स्टुलावर बसले आणि किती वेळ रडले ते मला ठाऊक नाही. तुझे सासरे दोनदा येऊन बघून गेले.

त्यांचं म्हणणं, लगेच फोन कर. मी फोन हातात घेतला आणि परत ठेवला. फोनवर मी रडणार, आणि तुझा स्वभाव मला माहीत आहे, तू म्हणणार, जाऊ द्या हो आई, झालं ते झालं. मला ते ऐकायचं नाही. निदान आत्ता तरी नाही. तू हे सगळं शांतपणे वाच आणि मग ठरव, या घराची पायरी पुन्हा चढायची की नाही. मला तू यायला हवी आहेस. ते आधीच लिहून टाकते, कारण पुढचं वाचल्यावर तू येशीलच अशी मला मुळीच खात्री नाही.

श्रीनिवास त्याच्या वाघोलीच्या कॉलेजमधून निघाला आणि तू त्याला रस्त्यात भेटलीस, तू त्याला घरी नेलंस, तुझ्या बाल्कनीत पाय ठेवायला जागा नाही, हे सगळं त्यानं सांगितलं. बी कुठून मिळालं तेही सांगितलं. केयूरनं ऑफिसात रोपं वाटली होती, त्यातलं एक त्या सलिलकडे आहे असं तुला कळलं, आणि तू त्याच्या घरी जाऊन कुंडीत आपोआप उगवलेली दोन रोपं उकरून आणलीस म्हणे. सलिल आळशी निघाला हे आपलं नशीब. नेटका माणूस असता तर त्यानं कुंडी केव्हाच रिकामी करून त्यात मनीप्लांट लावला असता. पण त्या दोन रोपांतून तू दोन हंगाम बी धरलंस, एकटीनं, नोकरी सांभाळून. आणि पिकलेली फळं पाठवलीस कुणाला, तर मला. माझी मलाच शरम वाटली गं.

तुला आठवतं, पहिल्या वर्षी केयूरनं गच्चीत किती जाती लावल्या होत्या? अकरा. कुठून कुठून मागवलेल्या. एक जांभळट काळी, एक पिवळी, एक तर पिकली तरी हिरवीच. मी विचारलं होतं, मंडईत टोमॅटो संपले का रे? तो नुसता हसला. मग जानेवारीत आपल्या तिघांना जेवणाच्या टेबलाशी बसवून त्यानं ती परीक्षा घेतली. बशांना नंबर, प्रत्येकापुढे मीठ आणि एक कागद. तुझे सासरे जन्मभर शाळेत पेपर तपासलेले, त्यांनी अर्धा अर्धा मार्क कापला आणि कुठल्याच टोमॅटोला सहाच्या वर जाऊ दिलं नाही. तू पिवळ्याला पहिला नंबर दिलास, मी दिला सासवडच्या बाजारातून त्यानं आणलेल्या त्या वेड्यावाकड्याला. सारासाठी आंबटपणा हवा, हा माझा हिशेब. शेवटी तोच राहिला. बाकीच्या बुरशीनं गेल्या, नाहीतर चवीत नापास झाल्या. ज्या म्हातारीनं ते फळ दिलं तिचं नाव मुक्ताई, म्हणून याचंही नाव मुक्ताई. टोमॅटोचं बारसं करणारा मुलगा माझ्याच पोटी यायचा होता.

पण निवड करताना त्याची मान कशी एका बाजूला झुकायची, ते अजून डोळ्यांपुढे येतं. सर्वांत मोठं फळ कधीच घ्यायचा नाही. आधी झाड बघायचा: पानं निरोगी आहेत का, उन्हात तग धरलीय का. मग त्या झाडाच्या दुसऱ्या-तिसऱ्या घोसातलं फळ पार मऊ होईतो पिकू द्यायचा, आणि कुणी ते तोडून कोशिंबिरीत घालू नये म्हणून देठाला दोरा बांधायचा. ‘कुणी’ म्हणजे मी, ते उघडच होतं. मग तो गर बियांसकट बरणीत घालून तीन दिवस आंबवायचा. बियांवरचा बुळबुळीत पडदा सुटायला हवा, त्याशिवाय बी नीट टिकत नाही, असं तो सांगायचा. वर पांढरी साय धरायची आणि स्वयंपाकघरात असा काही वास सुटायचा की तू नाकाला ओढणी लावून चहा करायचीस. मी तुला हसायचे. हा वासाचा मुद्दा ध्यानात ठेव, पुढे लागणार आहे.

तीन वर्षांपूर्वी मार्चमध्ये त्यानं झाडं उपटली, निवडलेली पाच फळं गुरुवारी बरणीत घातली. जुनं बी सगळं पेरलेलं नाहीतर वाटलेलं, त्यामुळे होतं नव्हतं ते त्या बरणीत. शनिवारी सकाळी तो टेकडीवर फिरायला गेला. पुढचं काय लिहू? अडतीस वर्षांचा मुलगा, बूट घालून गेला आणि लोकांनी उचलून आणला.

रविवारी संध्याकाळी दिवाणखान्यात माणसं बसली होती, तुझ्या आत्येसासूबाई भिंतीला टेकून होत्या, आणि तू आतल्या खोलीतून उठून आलीस. दोन दिवस तू पाणीसुद्धा धड घेतलं नव्हतंस. आलीस आणि विचारलंस, बरणी कुठे आहे, आज तिसरा दिवस, बी धुवायला हवं. सगळे तुझ्याकडे बघायला लागले. कुणाला वाटलं तुझ्या डोक्यावर परिणाम झालाय, कुणाला वाटलं ही कसली बाई. आणि तेवढ्या माणसांत मी बोलले की तूच ओतली असशील, तुला कधी सोसला होता तो वास? तू तशीच वळलीस. स्वयंपाकघरात गेलीस, सिंकखाली बसलीस, हातानं तो पाइप सोडवलास आणि त्या घाणीत बोटं घालून बिया शोधत राहिलीस. तीन सापडल्या. तू त्या कुंडीत लावल्यास, रोज पाणी घातलंस, त्या उगवल्या नाहीत. मी दारात उभी राहून हे सगळं बघितलं. वन्संनी पुढे नातेवाइकांत कुठे कुठे सांगितलं ते तुझ्या कानावर आलंच असेल: सुनेनं नवऱ्याचं शेवटचं बी मोरीत ओतलं. वर्षश्राद्धाला तू आलीस तेव्हा तुझ्याशी कुणी नीट बोललं नाही, आणि त्यानंतर तू आली नाहीस.

इथलं म्हणशील तर चाललंय. ह्यांचे गुडघे कुरकुरतात. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी सोसायटीनं कुंड्या हलवायची नोटीस लावली, तर हे सेक्रेटरीशी असे भांडले की त्या माणसानं आता जिना बदललाय. मी मधल्या काळात नर्सरीतून रोपं आणून लावली होती. फळं कशी गोल, गुळगुळीत, एकसारखी, चवीला पाणी. सार केलं तर हे म्हणाले, गरम पाणी छान झालंय. मग मी लावणंच सोडलं. संध्याकाळी वर जाते, रिकाम्या कुंड्यांतलं गवत उपटते आणि खाली येते. केयूरची आठवण येतेच, पण खरं सांगते, त्याच्याहून जास्त तुझी येते. तो गेला त्याला मी काही करू शकत नव्हते. तू गेलीस ती माझ्यामुळे.

आता मुद्द्याचं, ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं. अपूर्वा, ती बरणी मी ओतली. चुकून नव्हे. रविवारी सकाळी मी स्वयंपाकघरात एकटी होते. बरणीवर त्यानं चिठ्ठी चिकटवली होती, ‘कृपया हात लावू नये. वास येतो, कल्पना आहे.’ त्याचं ते अक्षर पाहिलं आणि मला असा संताप आला की काय सांगू. आईला असं टाकून गेलास आणि वर आम्हाला सूचना देतोस? मी बरणी उपडी केली, चिठ्ठी भिजवून सोडवली, बरणी घासून फडताळात ठेवली. संध्याकाळी तू विचारलंस तेव्हा मला सगळं लख्ख आठवत होतं. फक्त तेवढ्या माणसांत, मी माझ्या मुलाचं बी मोरीत ओतलं, हे म्हणायची माझ्यात हिंमत नव्हती, आणि तू समोर होतीस. त्यानंतर रोज वाटायचं, उद्या सांगू. त्याची तीन वर्षं झाली. आज सकाळी ह्यांना सांगितलं. ऐकून ते उठले, चहा ठेवला, एकच कप केला आणि खिडकीशी उभं राहून प्यायले. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, असं कधी झालं नव्हतं. आता वन्संना फोन करणार आहे, मग बाकीच्यांना, एकेकाला. पण आधी तुला लिहायला हवं होतं. तू यावंस असं मला फार वाटतं, पण ते मागायचं तोंड माझ्याकडे नाही. तू काही केलं नव्हतंस. हे माझ्या हातचं, माझ्या सहीचं आहे. ज्याला दाखवायचं त्याला दाखव.

तुझीच, अजून तसं म्हणू देणार असलीस तर,
सुहासिनी