बिनसंवादाचं गिऱ्हाईक

१२ सप्टेंबर

ती. बाबांना साष्टांग नमस्कार.

आम्ही मजेत. आईचा खोकला गेला, स्वयंपाकघरातला नळ अजून गळतोय. फोनवर तुम्हाला ‘बरं, ठेवतो’ म्हणायची घाई असते, म्हणून पत्र लिहितेय.

नववीला एक जादा विषय घ्यायचा असतो. तुम्ही गणित म्हणाला होतात. मी नाटक घेतलंय. थांबा, पत्र फाडू नका, पुढे मोठी बातमी आहे!

माझं पाठांतर तुम्हाला माहीतच आहे. आठवड्यात सगळ्यांचे संवाद तोंडपाठ. मग कोणी जरा थांबलं की त्याचं वाक्य मीच म्हणून टाकायची. बाईंनी दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा माझी भूमिकाच काढून घेतली आणि मला दुकानातलं गिऱ्हाईक केलं. एकही संवाद नाही, दुकानदार बोलेल तेवढा वेळ नुसतं ऐकायचं. मी दोन दिवस फुगून बसले. मग ऐकायला लागले तेव्हा कळलं, दुकानदार झालेली मुलगी विसरत नव्हतीच, श्वास घेत होती.

आणि मला एकदम आजोबा आठवले. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांनी तोंड उघडलं की आई म्हणते पाणी हवंय का, मी म्हणते पंखा लावू का. तुम्ही फोनवर तेच करता. आपण सगळ्यांनी मिळून त्यांची वाक्यं खाल्ली, बाबा. शेवटी त्यांनी बोलणंच सोडलं.

काल शाळेतून आल्या आल्या मी त्यांच्यासमोर स्टुलावर बसले, गिऱ्हाईक होऊन. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं. माझी जीभ नुसती वळवळत होती, ती दाताखाली धरली. आणि आजोबा बोलले, सबंध वाक्य!

‘माझी... कात्री... कोणी... हलवली?’

आई ओल्या हातांनी धावत आली. आम्ही दोघी रडलो काय, हसलो काय! सहा महिन्यांनी शिंप्याला पहिली आठवण कात्रीची. मग त्यांनी तुमचं नाव घेतलं. पुढचं मला सांगत नाहीत, तुम्हालाच सांगायचं म्हणतात.

आता राहिलेलं. नाटकाच्या फॉर्मवर तुमची सही मीच ठोकली. उद्या बाईंना खरं सांगणार आहे. तुम्ही नाही म्हणालात तर माझं नाटक संपलं.

पण आधी रविवारी चारला फोन करा. आजोबा मध्येच गप्प झाले तर ठेवू नका, त्यांचं वाक्य पुरं करू नका. त्यांचं झालं की मला हवं तेवढं रागवा. मी मध्ये बोलणार नाही.

तुमची वाट बघणारी,
गिऱ्हाईक