पंप मीच बदलणार

सोमवार, ४ तारीख. सकाळी ८.
गाडी सुरू होत नाही. नुसती घरघर. मेकॅनिकला फोन केला. म्हणाला, फ्युएल पंप असेल, दुसरंही काही असेल, आणा, बघून सांगतो. म्हणजे पंपच. बंद गाडी आणायची कशी, ते सांगितलं नाही. पंप मीच घरी बदलणार. रविवारी मुलीला नव्या नोकरीच्या गावी सोडायचंय. बायको म्हणाली, माझ्या भावाची गाडी आहे की. मेहुण्याच्या गाडीचं नाव काढायचं नाही, असं बजावलं.

मंगळवार.
व्हिडिओ पाहिला. बारा मिनिटांचं काम. करून दाखवणारा चेहऱ्यावरून फार हुशार वाटला नाही, तरी त्याला जमलं. पंप आणला. दुकानदाराने गाडीचं वर्ष विचारलं. सांगितलं.

बुधवार.
मागची सीट काढली. खाली झाकण, चार स्क्रू. तीन निघाले, चौथ्याचं डोकं झिजलं. हलका माल. बायकोने विचारलं, बॅटरीची वायर काढलीत का. काढणारच होतो. ती आत गेल्यावर काढली.

गुरुवार.
जुना पंप बाहेर. शेजारी भांडायला आला. म्हणे पेट्रोलच्या वासाने आमची मंडळी खोकतायत. म्हटलं, त्या दहा वर्षं खोकतायत. बोलणं तुटलं. बरं झालं, माझा वेळ वाचतो.
नवा पंप बसत नाही. दुकानदार म्हणतो, वर्ष चुकीचं सांगितलंत. मी घेतली ते वर्ष सांगितलं. आधीच्या मालकाने किती वर्षं वापरली, याच्याशी माझा काय संबंध?

शुक्रवार, ८.
हातोडी आणली. पंप बसत आला होता. तेवढ्यात टाकीच्या तोंडाचा प्लास्टिकचा आटा तुटला. कधीतरी तुटणारच होता.
मुलगी दारात आली. म्हणाली, बाबा, राहू द्या ना, मामाला फोन करते. मी म्हणालो, कर, आणि बापही त्यालाच म्हण. ती आत गेली. मुलांशी स्पष्ट बोलावं लागतं. जेवायला बाहेर आली नाही. बॅग भरत असेल.

शनिवार.
बायकोने परस्पर मेकॅनिकला बोलावलं. त्याने जुना पंप अंगणाच्या टोकाला नेऊन बॅटरीला जोडला. चालला. दोष वायरच्या कनेक्टरमध्ये होता म्हणे, पाच मिनिटांचं काम. आता मात्र टाकीच बदलायची, आणि ती यायला पंधरा दिवस. हे सगळं तो बायकोकडे बघून सांगत होता. गाडी माझ्या नावावर आहे. त्याला जायला सांगितलं. बायको त्याला गेटपर्यंत सोडायला गेली.

रविवार. सकाळी ६.
मेहुणा आला. हॉर्न वाजवला नाही. समजूतदारपणा दाखवतो. मी बाथरूममध्ये नळ सोडून हात धूत बसलो. पेट्रोलचा वास लवकर जात नाही. मुलीने दार वाजवलं, बाबा, निघते म्हणाली. नळाच्या आवाजात ऐकू आलं नाही, असं ठरवलं. गाडीचा आवाज गेल्यावर नळ बंद केला.

दुपारी २.
फोन आला. पोचली. म्हणाली, आईला द्या. आई बाहेर गेली होती. मग नंतर करते म्हणाली. मी म्हणालो, थांब. शुक्रवारच्या त्या वाक्याबद्दल बोलायचं होतं. सुरुवात कुठून करावी कळेना, म्हणून आधी कनेक्टरचं सांगितलं. मग दुकानदाराचं. बराच वेळ बोललो. पलीकडे कोणी नव्हतं.
तिकडे रेंज नसेल.