अहो अ‍ॅट द रेट

सोलापूर, बारा नोव्हेंबर

चि. सौ. ज्ञानदा हिस गंगाधरदाजींचे अनेक आशीर्वाद.

कुर्डुवाडीत सगळे खुशाल असाल. तुझे गुडघे काय म्हणतात? मी बरा आहे, आणि तसा लेखी निर्वाळाही कालच मिळाला. तो कसा मिळाला हे सांगायला मात्र तुझ्यावाचून कुणी नाही.

पेन्शनसाठी हयातीचा दाखला आता कॉम्प्युटरवर देता येतो म्हणे. सात रस्त्याजवळच्या सेवा केंद्रात रुद्राणी नावाची मुलगी बसते, तिनं माझा ईमेलचा पत्ता विचारला. मी ऐटीत सांगितलं, गंगाधर अ‍ॅट द रेट सोलापूर. (पत्ता म्हटल्यावर गाव नको? पस्तीस वर्षं टपालात अपुऱ्या पत्त्यांची पत्रं पोचवली मी.) फॉर्म लाल झाला. पेठ घातली, पिनकोड घातला, तरी 'पत्ता वैध नाही'. रुद्राणी म्हणाली, "काका, घरात दुसऱ्या कुणाचा हाय का?" तेव्हा तुझ्या ताईचा आठवला. कॉम्प्युटरच्या क्लासात बाईंनी नवऱ्याचं नाव घालायला सांगितलं, तर नाव कसं घ्यायचं म्हणून शकूनं 'अहो' टाइप केलं होतं, तोच. फॉर्मनं तो पहिल्या झटक्यात घेतला. म्हणजे हयात माणसाचा पत्ता खोटा आणि दोन वर्षांपूर्वी गेलेल्या बाईचा खरा.

मग त्या पत्त्यावर मेल गेला. तो उघडून आतलं बटण दाबायचं होतं, आणि पासवर्ड एकट्या शकूला ठाऊक. मी पिशवी उचलली. (टपालात मयताचं पत्र शेरा मारून परत येतं. हे परत आलं नाही.) इतक्यात समोर अक्षरं उमटली: 'अहो, आपण हयात आहात. खात्री झाली.' फॉर्म पत्त्यातलंच नाव उचलतो, असं रुद्राणी नंतर म्हणाली. पण तेव्हा तिनं कीबोर्डवरचे हात काढून मांडीवर घेतले होते. "काका, म्या कायबी दाबलं न्हाय." दुपारी खुर्चीत माझा डोळा लागला की शकू स्वयंपाकघरातून हेच विचारायची, अहो, आहात ना? भर उन्हात चालत घरी आलो आणि अंगात हुडहुडी. भीती वाटली, ज्ञानदा. बरंही वाटलं.

शेंगाची चटणी यंदा मीच कुटली आहे, जपून खा.

तुझे दाजी,
गंगाधर

ता. क. शकूचा फोन चौदाव्याला तूच नेला होतास, हे पत्र लिहिता लिहिता आठवलं.

पुन्हा ता. क. बटण तू दाबलं असशील, तर मला कळवू नकोस. फक्त पुढच्या नोव्हेंबरातही दाब.